डॉगवूडचं लाकूड आणि आपल्या बांधावरचा अंकोल: बेळगाव-खानापूर पट्ट्यातून येणारे प्रश्न

शेतकरी, सुतार, विणकर आणि झाडाचा फोटो पाठवून ‘हे काय आहे?’ असं विचारणारी तरुण मंडळी, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी आणि खाली हल्याळ-जोयडा इथलं हवामान, इथली झाडं आणि इथली कामं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

डॉगवूड हे एकच झाड आहे का?

नाही. कॉर्नस नावाच्या वंशातल्या पन्नासेक जातींना मिळून हे नाव आहे. त्यात मध्यम उंचीचे वृक्ष आहेत, झुडपं आहेत, आणि जमिनीलगत पसरणाऱ्या वीतभर उंचीच्या वनस्पतीही आहेत. लाकडाच्या बाबतीत ज्यांचं नाव निघतं त्या मुख्यतः दोन जाती: अमेरिकेच्या पूर्व भागातली कॉर्नस फ्लोरिडा आणि युरोप ते पश्चिम आशियात वाढणारी कॉर्नस मास. जपान, कोरिया आणि चीनमधली कूसा ही तिसरी जात बागेत शोभेसाठी लावतात.

अमेरिकेत फ्लोरिडा जातीचा मान मोठा. मिसुरीने १९५५ साली तिला राज्यवृक्ष केलं, व्हर्जिनियाचं राज्यपुष्पही तेच आणि राज्यवृक्षही तोच. टोकियोने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडं भेट दिली, त्यांची परतफेड म्हणून १९१५ मध्ये अमेरिकेने जपानला पाठवलं ते हेच झाड.

आमच्या जंगलात ते सापडेल का? भीमगडला पाहिल्यासारखं वाटतं.

नाही सापडणार. भीमगड, कणकुंबी, जांबोटी किंवा चोर्ल्याच्या रानात कॉर्नसची एकही जात नैसर्गिकरीत्या वाढत नाही. भारतात ही झाडं आहेत ती हिमालयात. उत्तराखंडात ज्याला भमोरा म्हणतात ते कॉर्नस कॅपिटाटा, आणि त्याची फळं तिकडची मुलं आवडीने खातात.

पांढऱ्या ‘पाकळ्यां’वरून तुम्हाला तसं वाटलं असेल, तर पावसाळ्यात खानापूरच्या रानात दिसणारा भूतकेस पाहिला असण्याची शक्यता जास्त. त्याचं जे पांढरं पान लांबून चमकतं ते फुलाच्या निदलाचं, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाचं, वाढलेलं दल असतं. डॉगवूडमध्येही साधारण तसाच चकवा आहे. चार मोठ्या पांढऱ्या पाकळ्या वाटतात ती खरं तर फुलाखालची पानं, आपल्या बोगनवेलीत असतात तशी. खरी फुलं मधोमध, बारीक, हिरवट पिवळी आणि गुच्छात असतात.

मग त्याचं नातेवाईक असं काहीच आपल्याकडे नाही?

आहे, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. अंकोल.

पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ अंकोलाला वेगळ्या कुळात ठेवत. जनुकांच्या अभ्यासावरून कुळांची नव्याने मांडणी झाली, तेव्हा अंकोलाचा अख्खा वंश डॉगवूडच्या कुळात, म्हणजे कॉर्नेसी कुळात घेतला गेला. त्यामुळे हजारो मैलांवरच्या त्या झाडाचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ आपल्या ओढ्याकाठी, माळाच्या कडेला आणि शेताच्या कुपाटीत उभा आहे. आपण त्याच्याकडे काटेरी झुडूप म्हणून पाहतो आणि कुंपण साफ करताना पहिलं त्यालाच तोडतो, हा भाग वेगळा.

ओळखायला सोपा आहे. पानगळीचं, मध्यम उंचीचं झाड. तोडत राहिलं तर झुडूपच राहतं. फांद्यांची टोकं बऱ्याचदा काट्यासारखी अणकुचीदार. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडलेली असताना फांद्यांवर पांढरी, सुवासिक फुलं येतात. त्यांच्या पाकळ्या अरुंद असतात आणि उमलल्यावर मागे वळतात. पुढे जांभळट काळी फळं धरतात आणि गुराखी पोरं ती खातात. कन्नडमध्येही नाव जवळपास तेच, अंकोले. त्यामुळे शेजारच्या गावात विचारायला अडचण नाही.

गारुडी लोक अंकोलाच्या तेलात बी बुडवून क्षणात आंब्याचं रोप उगवून दाखवतात, अशी कथा जुनी माणसं सांगतात. त्या करामतीत तेलाचा वाटा किती आणि हातचलाखीचा किती, हे वाचकांनीच ठरवावं.

अंकोलाचं लाकूड कशाला चालतं?

कठीण, घट्ट पोताचं आणि चिवट. तेलघाण्याची लाट, गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा, अवजारांचे दांडे, मुसळ अशा कामांना ते पूर्वापार वापरलं गेलं. जाड ओंडका मिळत नाही, म्हणून फळ्या, दारं, खिडक्या यांचा विचार सोडा. डॉगवूडचंही हेच रडगाणं आहे: झाड लहान, खोड बारीक, पण जेवढं लाकूड मिळतं ते अस्सल.

डॉगवूडच्या लाकडात एवढं काय आहे?

तीन गुण एकत्र आहेत. जड आहे, वाळल्यावर घनमीटरला साधारण ८०० किलो. साग ६५० च्या आसपास भरतो. कडकपणात सागाच्या जवळपास दुप्पट. आणि पोत इतका बारीक की तंतू सुटून कुसळं निघत नाहीत. बाहेरचं लाकूड फिकट गुलाबी आणि रुंद, आतला गाभा तपकिरी. कारखाने मुख्यतः बाहेरचं फिकट लाकूडच मागत. आपल्याकडे गाभ्याला किंमत आणि बाहेरच्या लाकडाला नाकं मुरडणं, याच्या अगदी उलट.

दोष दोन. वाळताना ते फार आकसतं, त्यामुळे घाई केली की तडकतं. आणि ओलाव्यात लवकर कुजतं. म्हणून कुंपणाचा खांब किंवा पावसात राहणारी वस्तू त्याची करत नाहीत.

वडगाव-शहापूरच्या मागावर चालणाऱ्या धोट्याशी डॉगवूडचा काही संबंध आहे का?

जुना संबंध आहे. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी नाव. वडगाव, शहापूर, खासबाग इथल्या वाचकांना हा प्रश्न पडतो तेव्हा बरं वाटतं, कारण डॉगवूडची खरी कमाई बागेतल्या फुलांनी केलेली नाही, धोट्याने केली.

जॉन के याने १७३३ मध्ये धावता धोटा आणला. तोवर विणकर धोटा या हातातून त्या हातात देत असे. आता तो दोरीच्या झटक्याने आपोआप पळू लागला. पुढे यंत्रमाग आले आणि धोट्याचं आयुष्य खडतर झालं. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा एका टोकाकडून ठोका खायचा, ताणलेल्या सुतांवरून सरकत जायचं आणि दुसऱ्या टोकाला धाडकन थांबायचं. ठोक्याने लाकूड फुटता कामा नये. त्याहून महत्त्वाचं, त्याच्या अंगाला एकही कुसळ येता कामा नये. एक बारीक कुसळ उठलं की ताण्याची सुतं पटापट तुटतात, माग थांबतो आणि विणकराचा दिवस सुतं जोडण्यात जातो.

इथेच डॉगवूड जिंकला. बाकीची बरीच लाकडं झिजताना खरबरीत होतात, हे झिजता झिजता गुळगुळीत होत जातं. म्हणून कापडगिरण्यांच्या भरभराटीत अमेरिकेत तोडलेल्या डॉगवूडचा फार मोठा भाग फक्त धोट्यांसाठी जायचा. जोडीला दुसरं लाकूड होतं पर्सिमनचं. हे पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्या वंशातलं. म्हणजे निपाणीच्या तंबाखूभोवती ज्या झाडाचं पान गुंडाळलं जातं, त्याचा अमेरिकेतला भाऊबंद तिकडे मागावर धावत होता.

आता ते दिवस गेले. राळ भरून, उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेलं लाकूड आलं, मग प्लास्टिक आलं, आणि बिनधोट्याचे माग आल्यावर धोट्याची गरजच संपत चालली. आपल्याकडच्या मागांवर आज जो धोटा मिळतो तो बहुधा असाच दाबलेल्या लाकडाचा असतो. जुना लाकडी धोटा घरात पडून असेल तर फेकू नका. टोकांची लोखंडी टोपणं काढून भंगारात घालण्याइतकी त्यांची किंमत येत नाही.

धोट्यातल्या, सूत गुंडाळायच्या कांडीसाठी कुठलं लाकूड वापरत?

कांड्या आणि बॉबिनसाठी आपल्या देशात हेदूला मोठी मागणी होती. ताजं कापल्यावर पिवळंधमक दिसणारं, सरळ, कातकामाला गोड लाकूड. त्याच कामाला कळंबही चाले. दोन्ही झाडं खानापूर-हल्याळच्या जंगलात आहेत.

धोट्याशिवाय डॉगवूडचा उपयोग?

जिथे ठोका बसतो तिथे. सुताराची मोगरी, पटाशीची मूठ, गॉल्फच्या काठीचं डोकं, कप्पी, पाचर, सोनाराचे ठोकळे. कॉर्नस मास तर इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. प्राचीन ग्रीक आणि मॅसेडोनियन सैन्याचे भाले त्या लाकडाचे असत, आणि सिकंदराच्या सैनिकांच्या लांबलचक भाल्यांबाबतही त्याच लाकडाचं नाव घेतलं जातं. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यातल्या एका बाणाचा पुढचा तुकडाही डॉगवूडचा होता.

मला कुऱ्हाडीला दांडा हवा आहे. डॉगवूड मागवू का?

मागवू नका. पैसे वाया जातील आणि खात्री काहीच मिळणार नाही. लाकूड निवडताना नावाकडे पाहू नये, त्याच्यावर काय गुदरणार आहे ते पाहावं.

कुऱ्हाड, कुदळ, टिकाव यांच्या दांड्याला कडकपणापेक्षा चिवटपणा लागतो. ठोका बसला की दांडा किंचित लवला पाहिजे, नाहीतर झटका थेट मनगटात येतो. या कामाला आपल्याकडे धामणीला तोड नाही. लवचीक, सरळ तंतूंची, न मोडता वाकणारी. पूर्वी धनुष्य आणि खांद्यावरची कावड याच लाकडाची करत. सालीचे धागे निघतात, त्याची दोरी होते. काळी, दोन-चार भागांची बारीक फळं लागतात, तीही खाता येतात. लाकडाच्या डेपोत धामण म्हणून विचारलंत तर कदाचित नकारार्थी मान हलेल. कन्नडमध्ये ‘तडसल’ म्हणा, लगेच दाखवतील.

धामण नाही मिळाली तर धावडा. जास्त जड, जास्त कडक, पण हाताला झटका देतो. बैलगाडीच्या आसाला तो उत्तम होता.

मोगरीला मात्र लवचीकपणा नको, वजन आणि घट्टपणा हवा. तिथे बाभळीचा गाभा घ्या. घनतेत बाभूळ डॉगवूडच्या पंक्तीला बसते, आणि नांगर, कुळव, गाडीच्या चाकाचा तुंबा अशी माराची कामं आपल्याकडे तिनेच पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत. अथणी-चिकोडीच्या काळ्या रानात बाभळी अजून भरपूर आहेत. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र काढून टाका, त्यात भुंगा हमखास लागतो. जुने सुतार ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवत त्याचं कारण हेच: किड्याला हवं असलेलं पिठूळ द्रव्य पाण्यात विरघळून जातं.

बारीक मुठी, भोवरे, खेळणी, लाटणी अशा कातकामाला काळा कुडा. पांढरंशुभ्र, नितळ लाकूड. चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली खेळणी याच लाकडाची. घाटाखाली सावंतवाडीला पांगाऱ्याची परंपरा आहे, पण पांगारा हलका आणि मऊ, हाताने कोरून रंगवायला चांगला. ठोका सोसायला नाही.

आणि अंकोल? कुंपणात मनगटाएवढा जाड, सरळ सोट मिळाला तर खुरपं, विळा, पटाशी यांच्या मुठीसाठी जरूर ठेवा.

दांडा बसवला की महिन्याभरात कुऱ्हाड हलायला लागते. लाकूड खराब आहे का?

बहुतेक वेळा लाकूड चांगलं असतं, पण ओलं असतं. खानापुरात पावसाळ्यात बसवलेला दांडा अथणीच्या उन्हाळ्यात गेला तर तो आकसणारच, दोन्ही ठिकाणच्या हवेत तेवढा फरक आहे. आणि ओल्या लाकडाचा असेल तर खानापुरातच राहून सुद्धा ढिला होईल.

दांड्याचं लाकूड पाऊस संपल्यावर, पानगळीच्या दिवसांत तोडावं. लगेच उभं चिरून दोन-चार फाळ्या कराव्यात, कारण अख्खा गोल सोट वाळताना गाभ्यापर्यंत चीर पाडून घेतो. दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट, मेण किंवा काहीच नसेल तर शेणाचा जाड लेप द्यावा. टोकांतून पाणी फार भराभर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, खाली पट्ट्या ठेवून रचावं. उन्हात नको, आणि चुलीवरच्या माळ्यावर तर पहिले काही महिने मुळीच नको. इंचभर जाडीला साधारण वर्ष हा जुना हिशेब धरून चाला. पाऊण वर्षात वाळलं असं सांगणारा विक्रेता भेटला तर लाकूड गालाला लावून पाहा, ओलं लाकूड गार लागतं.

बसवताना वर लाकडी पाचर, तिच्यावर आडवी लोखंडी. आणि एक सवय सोडा: ढिली झालेली कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवणं. लाकूड फुगतं, लोखंडाच्या आत त्याला पसरायला जागा नसते, मग तंतू दबून चेपतात. दोन दिवसांनी वाळलं की ते आधीपेक्षा बारीक झालेलं असतं. सकाळी घट्ट बसली म्हणून खूश व्हायचं आणि दुपारी पातं उडून कुणाच्या तरी पायावर, असा तो प्रकार आहे. पाणी नको, जवसाचं तेल वरून पाजा, नवी पाचर ठोका.

अमावास्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, खरं का?

तिथीपेक्षा ऋतू आणि वाळवण महत्त्वाची. अमावास्या पाळून ज्येष्ठात तोडलंत तर भुंगा पंचांग बघायला थांबत नाही.

बांधावरची बाभूळ किंवा धामण तोडायला परवानगी लागते का? झाड माझंच आहे.

झाड तुमचं असलं तरी कर्नाटकात वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ लागू आहे आणि तोडण्याआधी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. नीलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही लागवडीच्या झाडांना सूट आहे. साग, शिसव, चंदन यांचे नियम आणखी कडक. सूट कशाला आणि कुणाला हे आपल्या विभागाच्या वन कचेरीत आधी विचारून घ्या. फांदी छाटणं आणि झाड पाडणं यांतला फरकही तिथेच समजून घेतलेला बरा.

आपल्या भागात आणखी एक गुंता असतो. शेत चंदगड किंवा गडहिंग्लजला, घर बेळगावात. तिकडे महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो, आणि लाकूड घेऊन हद्द ओलांडायची तर वाहतुकीचा पासही लागतो. टेम्पोत भरून नाक्यावर पोचल्यावर ‘घरच्याच झाडाचं आहे हो’ हे वाक्य उपयोगी पडत नाही.

डेपोतल्या यादीत सगळी नावं कन्नडमध्ये असतात. काय मागायचं?

एवढी पुरतील: मत्ती म्हणजे ऐन, होन्ने म्हणजे बिबळा, बीटे म्हणजे शिसव, तेग किंवा सागवानी म्हणजे साग, नंदी म्हणजे नाणा, जंबे म्हणजे जांभा, आणि तडसल म्हणजे धामण. लिलावात जाणार असाल तर लाकूड आदल्या दिवशी जाऊन पाहून या. यादीत फक्त माप कळतं. पीळ, गाठी आणि पोकळ गाभा डोळ्यांनीच दिसतो.

ऑनलाइन ‘डॉगवूड’ नावाने कुत्र्याने चघळायची काठी मिळते, ती या झाडाची असते का?

ते विकायचं नाव आहे. त्या नावावरून लाकूड ओळखू नका.

शोभेसाठी डॉगवूडचं रोप लावलं तर जगेल का?

फुलणार नाही, आणि बहुधा जगणारही नाही. त्याला हिवाळ्यात खरी कडक थंडी लागते. बेळगावची थंडी आपल्याला स्वेटर घालायला लावते, पण हे झाड बर्फात झोपणारं आहे. आंबट, निचऱ्याची माती एकवेळ खानापूरच्या तांबड्या जमिनीत मिळेल. पण आपला पाऊस, मग एकदम कोरडा मार्च-एप्रिल, हे त्याला झेपणार नाही. त्याच्या मायदेशातही पानांवर आणि फांद्यांवर पडणाऱ्या एका बुरशीच्या करप्याने १९७० च्या दशकानंतर त्याची जंगलं झोडपली आहेत. पांढऱ्या फुलांचा हौशी वृक्षच हवा असेल तर पांढरा कांचन लावा, अंकोल लावा.

डॉगवूडची फळं खातात का? साल औषधी आहे म्हणतात.

कॉर्नस मासची आंबट लाल फळं तुर्कस्तान, जॉर्जियाकडे मुरंब्याला आणि सरबताला वापरतात. फ्लोरिडाची फळं कडू, ती पक्ष्यांसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात क्विनीनचा तुटवडा पडला तेव्हा फ्लोरिडाची साल तापावर दिली गेली, एवढा इतिहास आहे. अंकोलाची मुळं आणि साल वैद्यकात वापरतात, पण ती जास्त झाली तर वांत्या होतात. घरच्या घरी काढा करू नये.

धामण आणि अंकोल लावायचे आहेत. रोपं कुठे मिळतील?

पाऊस सुरू व्हायच्या आधी वन खात्याच्या रोपवाटिकेत नाव नोंदवा. साग आणि सिल्व्हर ओक मागाल तेवढे असतात, धामणीसाठी आधी सांगावं लागतं. कृषी अरण्य प्रोत्साह योजनेत नोंद केली तर पहिल्या तीन वर्षांत जगलेल्या रोपांमागे सरकार पैसे देतं. त्यासाठी सातबारासारखा तुमचा पहाणी उतारा आणि बँकेचं पासबुक लागतं. अंकोल रोपवाटिकेत क्वचितच दिसतो. पिकलेली फळं गोळा करून गर धुऊन काढा आणि बी ताजं असतानाच पिशव्यांत पेरा. कुंपणात आधीच एखादा असेल तर आणखी सोपं: त्याचे फुटवे काढून टाकून एकच सरळ सोट वाढू द्या, आणि कुपाटी साफ करायला येणाऱ्या गड्याला तो आधी दाखवून ठेवा.